सार्वजनिक घराचा उंबरा

इंग्लंडमधल्या ब्रेटफर्टन गावातल्या 'फ्लीस इन'मध्ये शेकोटीसमोरच्या दगडी फरशीवर पांढरी वर्तुळं काढलेली आहेत. चेटकीण धुराड्यातून खाली उतरते, पण वर्तुळ ओलांडून तिला पुढे घरात येता येत नाही, अशी जुनी समजूत. वर्तुळं पुसट झाली की पुन्हा गिरवायची, ही तिथली रीत. उंबऱ्यावर रोज सकाळी रांगोळीची बोटं ओढणाऱ्या घरात जो वाढला, त्याला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. घराला जिथे तोंड आहे तिथे राखण हवी. त्या थंड मुलखात दारापेक्षाही मोठं तोंड धुराड्याचं, एवढाच फरक.

ही वर्तुळं घराची खूण आहेत, दुकानाची नव्हे. आणि फ्लीस हा पब आहे.

मराठी वाचकाच्या मनात 'पब' म्हटलं की पुण्यामुंबईतला अंधार, छातीत धडधडणारं संगीत आणि दारावरचे बाउन्सर उभे राहतात. इंग्लंडच्या खेड्यातला पब याच्या जवळपासही जात नाही. हा शब्द 'पब्लिक हाउस'वरून आला, म्हणजे सार्वजनिक घर. 'सार्वजनिक' हा आपला लाडका शब्द: सार्वजनिक वाचनालय, सार्वजनिक गणपती, सार्वजनिक सभा. पण घरच सार्वजनिक असावं, हे आपल्या कानाला जरा विचित्र लागतं. इंग्रजी खेड्यात ते विटामातीने बांधलेलं दिसतं. कुणीही यावं, अर्धा पाइंट बिअर घ्यावी किंवा नुसतं लिंबाचं सरबत, आणि शेकोटीपाशी दोन तास बसावं. अकस्मात मृत्यूची चौकशी करणारा कॉरोनर शतकानुशतकं गावच्या पबमध्येच पंचांना घेऊन बसायचा. दुसरी योग्य जागा असताना पबमध्ये बसू नये, असं कायद्याने सांगितलं ते थेट १९०२ साली. आजारपणात आणि अंत्यविधीला मदत करणाऱ्या मजुरांच्या मंडळ्यांच्या बैठका इथेच होत. आपल्या चावडीची आणि पाराची बरीच कामं त्यांच्याकडे या एका घराने केली.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. इंग्लंडचा वारसा-कायदा या घराच्या भिंती, तुळया आणि छप्पर बऱ्यापैकी जपतो, पण त्याचं सार्वजनिकपण जपत नाही. आणि गावच्या पबची वास्तुकला म्हणजे मुळात ते सार्वजनिकपणच आहे. ते काढून घेतलं की मागे उरतं ते जुनं घर, कितीही देखणं असलं तरी.

हे पटायला ही घरं कशी झाली ते पाहावं लागतं. फ्लीस वुस्टरशर परगण्यात, ईव्हशमच्या खोऱ्यात आहे. १४२५च्या सुमारास बर्ड नावाच्या सधन शेतकऱ्याने ते बांधलं, तेव्हा तिथे पबचा विचारही नव्हता. लांबट छपराखाली एका टोकाला माणसं आणि दुसऱ्या टोकाला जनावरं, असं ते शेतकऱ्याचं घर. पुढे चार शतकं ते घरच राहिलं. १८४८मध्ये त्याच कुळातल्या हेन्री बर्डने परवाना घेतला आणि घराचा पब झाला. नवीन इमारत बांधली नाही. राहत्या घराचं दार गावासाठी उघडलं, बाकी सगळं होतं तसंच.

असं करणारा तो एकटा नव्हता. १८३०मध्ये वेलिंग्टनच्या ड्यूकच्या सरकारने बिअरहाउस कायदा केला. कर भरणाऱ्या कुणाही घरमालकाला दोन गिनी भरून आपल्या घरात बिअर बनवायची आणि विकायची मुभा मिळाली. लोकांनी जिन सोडून बिअरकडे वळावं आणि बड्या ब्रुअरींची, म्हणजे बिअरच्या कारखान्यांची, पकड ढिली व्हावी, हा त्यामागचा हेतू. हजारो घरांनी परवाने घेतले. कुणाची पुढची खोली, कुणाचा माजघराचा तुकडा, कुणाचं स्वयंपाकघर गावाचं झालं. गावच्या पबमध्ये शिरताना कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत पाऊल टाकल्यासारखं वाटतं, त्याचं कारण या इतिहासात आहे. बहुतेक वेळा ती खरोखरच कुणाची तरी बैठकीची खोली होती.

याला अपवाद आहेत. समरसेटमधल्या नॉर्टन सेंट फिलिपचं 'द जॉर्ज' हिंटनच्या कार्थुसियन या ख्रिस्ती पंथाच्या मठाने मध्ययुगात मुद्दाम बांधलं: खाली दगड, वर पुढे झुकलेले लाकडी मजले, लोकरीच्या व्यापाऱ्यांची उतरण्याची आणि मालाची सोय. १६८५मध्ये राजाविरुद्ध बंड करणारा ड्यूक ऑफ मन्मथ, आधीच्या राजाचा अनौरस मुलगा, सेजमूरच्या लढाईआधी तिथे उतरला होता. ती वारसा-यादीतल्या सर्वोच्च श्रेणीची, श्रेणी १ची इमारत आहे, आणि तिला हात लावायची कुणाची छाती नाही. अशा इमारतींची मला काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती त्या घरगुती पबांची, ज्यांना ना राजपुत्राची कथा आहे, ना वास्तुविशारदाचं नाव.

त्यांची बांधणी मात्र मन लावून पाहण्यासारखी असते. ओकचं लाकूड ओलं असतानाच तासायचं, सांधे करायचे, ओकच्याच खुंट्या ठोकून सांगाडा उभा करायचा. आधी सगळा सांगाडा जमिनीवर आडवा जुळवून पाहत आणि कुठला तुकडा कुठे बसतो ते पटाशीने रोमन आकडे कोरून लिहून ठेवत; आजही कितीतरी घरांत माळ्यावर टॉर्च धरला की ते आकडे दिसतात. लाकूड वाळतं ते जागेवर, उभं राहिल्यावर. वाळताना आकसतं, पीळ खातं, आणि खुंट्या आणखी घट्ट होतात. म्हणून या घरांत काटकोन शोधायला जाऊ नये. त्यांचं वाकडेपण सहसा दुर्लक्षातून आलेलं नसतं, ते बांधण्याच्या पद्धतीतच आहे. सांगाड्यातल्या मोकळ्या चौकटी कुडाने भरायच्या: उभ्या काठ्या, त्यांत विणलेले हेझलच्या झुडपाचे लवचीक फोक, वरून माती, शेण आणि चिरलेला पेंढा. मावळात किंवा कोकणात कुडाचं घर ज्याने पाहिलं आहे, त्याला यातला एकही जिन्नस परका वाटणार नाही.

पांढऱ्या भिंतीवर काळ्याकुळकुळीत तुळया हे आज इंग्रजी खेड्याचं ठरलेलं चित्र झालं आहे. ते बरंचसं व्हिक्टोरियन काळातल्या आवडीचं देणं. त्याआधी बहुतेक ठिकाणी लाकूड तसंच उघडं सोडत किंवा भिंत आणि लाकूड दोन्हींवरून चुन्याचा हात फिरवत. विसाव्या शतकात डागडुजीला चुन्याऐवजी सिमेंट आलं, आणि त्याने रंगापेक्षा फार मोठं नुकसान केलं. चुना ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो. सिमेंट ती लाकडापाशी कोंडून ठेवतं, आणि पाच शतकं टिकलेला ओक काही दशकांत आतून कुजतो. जुन्या घराची काळजी म्हणजे त्याला टणक करणं, असं ज्याला वाटतं त्याने आधी हे समजून घ्यावं.

पण माझ्या दृष्टीने या वास्तुकलेचं काळीज सांगाड्यात नाही, खोल्यांत आहे. जुन्या पबमध्ये एक मोठी जागा कधीच नसायची. लहान, बुटक्या छताच्या तीन-चार खोल्या, प्रत्येकीत आपली शेकोटी, वारा अडवायला उंच पाठीचे लाकडी बाक. त्यातली सगळ्यांत लहान खोली म्हणजे 'स्नग', जेमतेम सहा-आठ माणसांची. आज पबची ओळख मानलं जाणारं बिअरचं लांबलचक काउंटर खेड्यांत बरंच उशिरा आलं. सफोकमधल्या लॅक्सफील्डच्या 'किंग्ज हेड'मध्ये ते कधी बसवलंच नाही. बिअर मागच्या खोलीतल्या पिंपांतून थेट पेल्यात येते आणि लोक शेकोटीभोवतीच्या बाकांवर बसतात. काउंटर नसलं की खोलीत विक्रेता आणि गिऱ्हाईक अशी फाळणी राहत नाही. घरात असतो तसा एक घेरा तयार होतो. दहा माणसांच्या त्या खोलीत अनोळखी माणूस फार वेळ अनोळखी राहू शकत नाही. बाक त्याला दुसऱ्याच्या समोर बसवतो आणि शेकोटी दोघांना जवळ ओढते. माणसांना बोलतं करणारी अशी जागा बांधता येते, हे मी कुठल्याही नामांकित वास्तुविशारदाच्या कामापेक्षा या अनाम सुतारांकडून जास्त शिकलो.

१९६० आणि ७०च्या दशकांत ब्रुअरींनी या भिंती सपाट्याने पाडल्या. एकाच माणसाला काउंटरमागून सगळ्यांवर नजर ठेवता यावी, नोकर कमी लागावेत, गिऱ्हाईक जास्त मावावं, हा हिशेब. परवाने देणाऱ्या न्यायाधीशांनाही नजरेआडचे कोपरे नको असत. बाहेरून पाटी तीच, छप्पर तेच, खिडक्या त्याच; आत शिरलं की हॉल. १९७१मध्ये सुरू झालेल्या 'कॅम्रा' या बिअरप्रेमींच्या चळवळीने पुढे चवीबरोबर ही घरंही आपली मानली आणि मूळ अंतर्भाग टिकून राहिलेल्या पबांची देशभराची यादी केली. फ्लीस त्या यादीत आहे. यादी करायला बसल्यावर अस्सल अंतर्भाग किती थोडे उरले आहेत ते लोकांच्या लक्षात आलं.

फ्लीस टिकलं त्याचं श्रेय एका बाईला जातं. लोला टॅपलिन ही हेन्री बर्डची वंशज, घराण्यातली शेवटची. तिने आयुष्यभर तो पब चालवला आणि १९७७मध्ये तिच्या मृत्यूनंतर तो इच्छापत्राने नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे गेला. सोबत एक अट होती: इथे बटाट्याचे वेफर्स विकायचे नाहीत. ही गोष्ट पर्यटकांना हौसेने सांगितली जाते आणि ऐकणारे एका म्हातारीचा हट्ट म्हणून हसतात. मला त्यात शहाणपण दिसतं. आपण नुसती इमारत सोपवत नसून घर चालवण्याची रीत सोपवत आहोत, हे तिला नीट कळलेलं होतं. तिने तुळयांना हात लावू नका असं बजावलं नाही. ते सांगायला ट्रस्ट समर्थ होता. तिने सांगितलं ते पाहुण्यापुढे काय ठेवायचं नाही, ते. कुठल्याही सरकारी यादीत न मावणारी गोष्ट तिने एका अटीत बसवली.

२००४च्या फेब्रुवारीत धुराड्यातली ठिणगी उडून फ्लीसचं गवती छप्पर पेटलं. छप्पर गेलं, वरचा मजला जबर जळाला, तळमजला मात्र बऱ्याच अंशी वाचला. पुढल्या वर्षी, २००५च्या जूनमध्ये, पब पुन्हा उघडला. म्हणजे आज जे छप्पर दिसतं ते या शतकातलं आहे. त्यामुळे फ्लीस खोटं झालं, असं कुणी म्हणत नाही. का म्हणत नाही, हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण इथून थोड्याच अंतरावरच्या दुसऱ्या एका पबबद्दल नेमकं तेच म्हटलं जातं.

तो पब म्हणजे स्टॅफर्डशरमध्ये हिमलीजवळचं 'क्रुकेड हाउस', वाकडं घर. १७६५मध्ये शेतघर म्हणून बांधलं, १८३०च्या सुमारास त्याचा पब झाला. हा ब्लॅक कंट्रीचा कोळशाचा पट्टा. खाली खाणी पोखरत गेल्या आणि घराचं एक टोक दुसऱ्यापेक्षा सुमारे चार फूट खचलं. १९४०च्या दशकात ते धोकादायक ठरून पाडायची वेळ आली होती. तेव्हा एका ब्रुअरीने आधारभिंती उभारून त्याला वाकडंच सावरलं. आत टेबलावर ठेवलेली गोटी चढावर गेल्यासारखी दिसायची, आणि पिढ्यान् पिढ्या आईबाप मुलांना ती गंमत दाखवायला तिथे नेत. इंग्लंडच्या औद्योगिक क्रांतीने जमिनीखाली काय केलं, ते जमिनीवर इतकं स्पष्ट दाखवणारी दुसरी इमारत मला माहीत नाही. आणि ती वारसा-यादीत नव्हती.

२०२३च्या जुलैमध्ये ते विकलं गेलं. ५ ऑगस्टच्या रात्री त्याला आग लागली आणि ७ ऑगस्टला, धग पुरती निवायच्या आत, सगळी इमारत यंत्राने जमीनदोस्त झाली. स्थानिक काउन्सिलने सुरक्षेसाठी वरच्या मजल्याचे काही भाग उतरवायला संमती दिली होती, संपूर्ण पाडायला नव्हे. इमारत यादीत घ्यावी अशी मागणीही वारसा-यादीचं काम पाहणाऱ्या 'हिस्टॉरिक इंग्लंड' या सरकारी संस्थेकडे पोचलेली होती. आग कशी लागली याचा निवाडा पोलिसांनी आणि न्यायालयांनी करावा. माझा प्रश्न आगीच्या आधीचा आहे. अडीचशे वर्षांची, देशभर माहीत असलेली इमारत इतकी उघड्यावर राहिलीच कशी?

उत्तर कायद्याच्या घडणीत आहे. १९४७च्या नगररचना कायद्यापासून इंग्लंडमध्ये इमारतींची यादी होते, श्रेणी १, २ तारांकित आणि २. निकष असतात बांधणीचे आणि इतिहासाचे: मूळचं किती शिल्लक आहे, कारागिरी कशी, बांधणारा कोण. वारंवार बदललेलं, ठिगळं लावलेलं, टेकू दिलेलं साधं शेतघर या परीक्षेत मागे पडतं. लोकांनी त्यावर किती जीव लावला याला गुण नसतात. दुसरीकडे इमारत यादीत असली, तर तिच्या आतल्या भिंतीलाही विनापरवाना हात लावता येत नाही, हे खरं. पण तिथे पब चालू ठेवा असं ती यादी कुणाला सांगू शकत नाही. दार कायमचं बंद करून मालक आत एकटा राहायला गेला, तर तुळया सुरक्षित आहेत म्हणून वारसाही सुरक्षित धरला जातो. मला हे मान्य नाही. ज्या खोलीची लांबी-रुंदी, बाकांची पाठ आणि शेकोटीची जागा दहा अनोळखी माणसांसाठी ठरली, तिथे एका कुटुंबाचा टीव्ही लागला की ती खोली तीच राहत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो पैशाचा. लोक पीत नाहीत, सुपरमार्केटमध्ये बिअर स्वस्त मिळते, २००७पासून पबमध्ये धूम्रपानाला बंदी आहे, खेड्यांतली घरं शहरी लोकांनी सुट्टीसाठी घेतली आहेत. मग न चालणारा धंदा कायद्याने कसा चालवणार? यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. २०००मध्ये ब्रिटनमध्ये सुमारे ६० हजार पब होते, आज ते ४५ हजारांच्या आसपास आहेत, आणि ते सगळे कुणी मुद्दाम मारले असं मी म्हणणार नाही. पण 'चालत नाही' हे कोण म्हणतं आणि कुठल्या भाड्यावर म्हणतं, तेही पाहायला हवं. १९८९च्या सरकारी आदेशांनी मोठ्या ब्रुअरींना हजारो पब विकायला लावले. हेतू चांगला होता. पण ते पब गेले बहुतांशी अशा कंपन्यांकडे, ज्यांना बिअरशी नव्हे, मालमत्तेशी कर्तव्य होतं. त्यांच्या हिशेबात गावच्या पबचं मोल दोन प्रकारचं: पब म्हणून इतकं, बंगला म्हणून त्याहून कितीतरी जास्त. भाडं चढं आणि बिअर त्यांच्याकडूनच त्यांच्या दराने घ्यायची सक्ती, अशा करारात चालकामागून चालक बदलत जातात. मग काही महिने दाराला फळ्या ठोकलेल्या दिसतात, आणि एक दिवस अर्ज येतो की इथे पब चालणं शक्य नाही, राहत्या घराची परवानगी द्या. अशा वेळी बाजाराने निकाल दिला असं म्हणणं म्हणजे परीक्षेचा पेपर लिहिणाऱ्यालाच तो तपासू देणं.

ज्या गावांनी हा निकाल मानला नाही, त्यांचा अनुभव वेगळा आहे. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट या छोट्या गावाने २००३मध्ये आपला 'ओल्ड क्राउन' सहकारी तत्त्वावर विकत घेतला, शंभराहून जास्त भागधारक मिळून. सहकार म्हटलं की साखर कारखाना आणि दूध संघ आठवणाऱ्या महाराष्ट्राला यात नवल वाटायचं कारण नाही. भाग घ्यायचा, वार्षिक सभेला जायचं, हिशेब विचारायचा. तेव्हापासून इतर बऱ्याच गावांनी हा रस्ता धरला. गाव मालक झालं की इमारतीची किंमत आणि उपयोग यांतलं भांडण संपतं, कारण तिचा बंगला करून कुणाला फायदा काढायचा नसतो.

कायद्याने या गावांना मदत केली, पण हात आखडून. २०११च्या लोकलिझम कायद्याने गावाला पबची नोंद 'समाजाच्या मोलाची मालमत्ता' म्हणून करता येते, आणि तो विक्रीला निघाला तर पैसे जमवायला सहा महिने मिळतात. सहा महिन्यांनी मालक तो हव्या त्याला विकू शकतो. गावाने पूर्ण किंमत पुढे केली तरी त्यालाच विकण्याचं बंधन नाही. स्कॉटलंडने २००३च्या जमीन सुधारणा कायद्यात नोंदणी केलेल्या ग्रामसमूहाला खरेदीचा पहिला हक्क दिला, आणि तिथे मालमत्तेच्या हक्कावर आकाश कोसळलं नाही. इंग्लंडसाठी तसाच हक्क देऊ पाहणारं विधेयक संसदेत मांडलं गेलं ते २०२५मध्ये, बावीस वर्षांनी. मध्यंतरी २०१७मध्ये पब पाडायला किंवा त्याचा वापर बदलायला नगररचनेची परवानगी सक्तीची झाली, हे चांगलं पाऊल होतं. तोवर पब पाडायला बहुतेक ठिकाणी परवानगीच लागत नसे.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो, कारण तो खरा आहे. ज्या घराला मी सार्वजनिक म्हणतो, ते सगळ्यांचं कधी नव्हतं. त्या लहान खोल्यांच्या भिंतींनी वर्गही वेगळे केले: मजुराने साध्या खोलीत बसायचं, बऱ्या कपड्यांतल्या माणसाने गालिच्याच्या. बायकांनी कुठे बसायचं हेही ठरलेलं. आणि १९६०च्या दशकात, त्याच ब्लॅक कंट्रीत, स्मेदिकच्या पबांमध्ये भारतीय कामगारांना बरी खोली बंद होती. पैसे तेच, ओतशाळेतले श्रम तेच, पण 'स्मोक रूम'मध्ये त्यांना पेला मिळायचा नाही. इंडियन वर्कर्स असोसिएशनने याविरुद्ध लढा उभारला. अवतारसिंग जौहल आणि त्यांचे साथी गोऱ्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन पबमागून पबमध्ये जात आणि कुठे कुणाला नाकारलं जातं त्याचा पुरावा गोळा करून परवान्यांना हरकत घेत. १९६५च्या फेब्रुवारीत अमेरिकेतले कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स स्मेदिकला आले तेव्हा जौहल त्यांना 'ब्लू गेट्स'मध्ये घेऊन गेले, आणि तिथेही त्यांना स्मोक रूममध्ये बसू दिलं गेलं नाही. त्याच वर्षी ब्रिटनचा पहिला वंशसंबंध कायदा झाला आणि सार्वजनिक जागेतला असा भेद बेकायदा ठरला.

मग असल्या भिंती जपायच्या कशाला? मी यावर बराच विचार केला आहे. ज्या माणसांनी हा अपमान सोसला, त्यांची मागणी भिंत पाडण्याची नव्हती. त्यांना त्या खोलीत बसायचं होतं. सार्वजनिक घर सार्वजनिक आहे हे वचन त्यांनी इंग्रजांपेक्षा जास्त गांभीर्याने घेतलं आणि कायद्याकडून ते पाळून घेतलं. पुढे त्याच भागात पंजाबी चालकांनी बुडू घातलेले पब घेतले, बिअरसोबत तंदूरवरचं जेवण ठेवलं, आणि तिथे गोरे म्हातारे आणि शीख कामगार एकाच खोलीत बसू लागले. 'देसी पब' म्हणून ते आज नावाजले जातात. वारसा म्हणजे एका जमातीची आठवण असं मानणाऱ्याने त्यांतल्या एखाद्या ठिकाणी संध्याकाळ घालवावी. दार उघडं राहिलं म्हणून हा इतिहास घडू शकला. फ्लॅट झाले असते तर दोघांपैकी कुणालाच आत येता आलं नसतं.

आपल्याकडे मुंबईने १९९५मध्ये वारसा नियमावली केली, देशात सगळ्यांच्या आधी. पण धोबी तलावावरचं बस्तानी हे इराणी हॉटेल बंद पडताना किंवा पुण्यात डेक्कनवरचं लकी जाताना हळहळण्यापलीकडे कुणाच्या हातात काही नव्हतं. नियमाला दर्शनी भाग कळतो. संगमरवरी टेबलावर एका चहावर तासभर बसू देणारा मालक त्याला कळत नाही. इराण्याच्या हॉटेलाबद्दल ज्याला हे जाणवलं आहे, त्याला पबबद्दलचं माझं म्हणणं परकं वाटू नये.

आता राहिला तो नकलेचा आक्षेप, आणि तो क्रुकेड हाउसकडेच परत नेतो. लंडनच्या मेडा व्हेलमधला 'कार्लटन टॅव्हर्न', १९२०-२१मध्ये बांधलेला, २०१५च्या एप्रिलमध्ये असाच विनापरवाना पाडला गेला, यादीत घेण्याचा विचार चालू असतानाच. वेस्टमिन्स्टर काउन्सिलने तो वीट न् वीट पूर्वीसारखा बांधून द्यायला लावलं. मालकांचं अपील फेटाळलं गेलं, आणि २०२१च्या एप्रिलमध्ये त्याच जागी तोच पब उघडला. जाणकारांपैकी काहींनी नाक मुरडलं: ही प्रतिकृती, हिच्यात काळाची पुटं नाहीत. मला ही तक्रार फ्लीसच्या छपरासमोर टिकत नाही असं वाटतं. शाकारलेलं गवत दर काही दशकांनी बदलावंच लागतं, कूड लिंपावाच लागतो, चुना दरसाल फिरतो. या घरांचं साहित्य नेहमीच बदलत आलं आहे. अखंड राहिलं ते येणंजाणं. शिवाय पाडण्याची किंमत पुन्हा बांधून मोजावी लागते, हे एकदा लख्ख दिसलं की पुढच्या बुलडोझरवाल्याचा हिशेब बदलतो. दंड भरून मोकळं होता आलं, तर दंड हा नुसता एक खर्च ठरतो.

साउथ स्टॅफर्डशर काउन्सिलने २०२४च्या फेब्रुवारीत क्रुकेड हाउससाठी तसाच आदेश काढला: आगीपूर्वी होतं त्याच्या शक्य तितकं जवळ जाणारं घर तीन वर्षांत उभं करा. मालकांनी त्यावर अपील केलं. अभियांत्रिकीच्या दृष्टीने काम विलक्षण आहे. खाणीने शतकभरात जे वाकवलं, ते आता पाया पक्का घालून, मोजून मापून वाकडं बांधायचं. जमीन खचल्याची ती साक्ष पहिल्यासारखी राहणार नाही, हे मी मान्य करतो. तरीही ते बांधलं जावं. आणि बांधताना आदेशात नसलेली एक गोष्ट कुणीतरी लिहून घ्यावी. आज तो आदेश भिंतींचा, खिडक्यांचा आणि उताराचा आहे. घर उभं राहिल्यावर त्याचं दार कुणासाठी उघडेल याबद्दल त्यात काही बंधन नाही. स्थानिक लोकांना ते घर भागभांडवल काढून घेता यावं, रास्त किंमत कुणी त्रयस्थाने ठरवावी, आणि पुढच्या परवानाधारकाने आत एक टेबल भिंतीला समांतर, म्हणजे वाकडंच ठेवावं. गोटी मुलं घरूनच आणतील.